तपकिरी केसांवर चैत्रात कोणते रंग खुलतील: निवडीचा नेमका क्रम

पाडव्याच्या आणि लग्नसराईच्या खरेदीत एक गल्लत दरवर्षी होते. आधी कपडे घेतले जातात, मग कार्याच्या चार दिवस आधी केसांना मेंदी किंवा ब्राऊन कलर लागतो. दुकानात जीव जडलेली साडी मग अंगावर आली की चेहरा उतरलेला वाटतो, आणि सगळे साडीला नावं ठेवतात. खरं तर मधल्या काळात केस बदललेले असतात. चेहऱ्याच्या सगळ्यात जवळ दोनच रंग असतात, वर केसांचा आणि खाली गळ्याशी असलेल्या कपड्याचा. त्यातला एक बदलला की दुसरा पुन्हा तपासावा लागतो.

दुसरी गल्लत म्हणजे 'ब्राऊन हेअर'साठी इंटरनेटवर फिरणारे रंगांचे तक्ते जसेच्या तसे उचलणं. ते बहुतेक गोऱ्यापान कातडीसाठी आणि कोवळ्या उन्हासाठी केलेले असतात. आपल्याकडे वर्ण गव्हाळ ते सावळा, आणि ऊन म्हणाल तर होळी जळली की तापायला लागतं. तपकिरी केस, गव्हाळ वर्ण आणि वर खाकी, मेंदी कलर किंवा मस्टर्ड कपडा असं जमलं की तिन्ही एकमेकांत मिसळून जातात आणि माणूस थकलेला दिसतो. खालचे सगळे टप्पे हे मिसळणं टाळण्यासाठी आहेत. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे.

टप्पा १: आधी केस, मग खरेदी

तुमच्या गावात धुळवडीला रंग खेळत असतील किंवा रंगपंचमीला, केसांचं काम त्यानंतरच काढा. पार्लरमध्ये रंगवलेले केस कोरडे आणि सच्छिद्र होतात, त्यांच्यात पक्का गुलाबी किंवा हिरवा रंग शिरला की लवकर निघत नाही. रंगपंचमी ते पाडवा या मधल्या दहा-अकरा दिवसांत केस रंगवून, स्थिरावू देऊन खरेदी करायला पुरेसा वेळ मिळतो.

मेंदी लावली असेल तर निदान तीन दिवस थांबा. पहिल्या दिवशी पांढऱ्या केसांवर ती भडक नारिंगी दिसते, हवा लागून पुढच्या दोन-तीन दिवसांत गडद होते. काळ्या केसांचा रंग मेंदीने उजळत नाही, त्यांच्यावर फक्त उन्हात दिसणारी तांबूस झाक येते. मेंदीत मिसळून किंवा मेंदीनंतर थोडा वेळ नीळपावडर, म्हणजे इंडिगो (कपड्यांची नीळ नव्हे), लावत असाल तरच पांढऱ्या केसांवर खरा तपकिरी येतो आणि तोही एक-दोन दिवस मुरतो. पार्लरच्या रंगाचं उलटं असतं. पहिल्या दोन-तीन धुण्यांत तो थोडा उतरतो. त्यामुळे रंगवल्यानंतरचं तिसरं न्हाणं झाल्यावर जे दिसतं, तो तुमचा खरा रंग समजा.

*खबरदारी:* बाजारातली 'काळी मेंदी' किंवा कोणताही नवा हेअर डाय डोक्याला लावण्याआधी कानामागे थोडा लावून 48 तास वाट पाहा. खाज, लाली किंवा फोड आले तर तो वापरू नका.

जन्मतःच केस तपकिरी असणाऱ्यांना हा टप्पा लागत नाही. त्यांनी एकच लक्षात ठेवावं की शेतात किंवा गाडीवर उन्हात जाणं असेल तर उन्हाळाभर टोकं उजळत जातात.

टप्पा २: केस धुऊन तयार करा

तेल लावलेले केस एक-दोन छटांनी गडद दिसतात. म्हणून रंगांच्या चाचणीच्या (टप्पा ४ ते ६) आदल्या दिवशी न्हाऊन घ्या, तेल लावू नका आणि केस मोकळे सोडून पूर्ण वाळू द्या. घरात बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यातल्या क्षारांचा थर बसून केस निस्तेज वाटतात. शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. एवढ्यानेही फरक दिसतो.

टप्पा ३: उजेड ठरवा

सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, थेट ऊन अंगावर न येणारी जागा निवडा. उत्तरेकडची खिडकी उत्तम. ती नसेल तर ओसरी किंवा गॅलरीतली सावली चालते. आजूबाजूच्या भिंती पांढऱ्या किंवा फिकट हव्यात. पोपटी किंवा गुलाबी रंगवलेल्या खोलीत भिंतीचाच रंग चेहऱ्यावर पडतो आणि सगळा अंदाज चुकतो.

ट्यूबचा उजेड निळसर असतो, पिवळ्या बल्बचा तांबूस. पिवळ्या बल्बखाली सगळ्यांचेच केस सुंदर तपकिरी दिसतात, म्हणून तिथे काही ठरवू नका.

मोबाईलवर फोटो काढणार असाल तर ब्युटी मोड बंद करा आणि हनुवटीखाली कोरा पांढरा कागद धरा. फोटोत तो कागद निळा किंवा पिवळा आला तर फोटो फसवा आहे, जागा बदला.

टप्पा ४: तपकिरी म्हणजे कोणता तपकिरी?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून घाई करू नका. 'ब्राऊन' एवढ्यावर थांबलं तर पुढचा एकही सल्ला लागू पडत नाही.

स्वयंपाकघरातून चार वस्तू आणा: दालचिनीचा तुकडा, गुळाचा खडा (केमिकलचा पिवळा नको), काळा खजूर आणि लवंग. त्या पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवा. कानामागची नको, कपाळालगतची आणि डोक्याच्या वरची एकेक बट घ्या, कारण चेहऱ्याभोवती दिसतात ते केस हेच. बट एकेका वस्तूशेजारी धरा.

दालचिनीशी जुळली तर तुमचे केस *लालसर*. मेंदी लावणारे बहुतेक इथे येतात.

गुळाशी जुळली तर *मधाळ*. पार्लरमध्ये सोनेरी हायलाइट्स केलेले, किंवा जन्मतः हलके आणि उन्हाने आणखी उजळलेले केस इथले.

खजुराशी जुळली तर *गडद चॉकलेटी*. घरात काळे आणि उन्हात तपकिरी दिसणारे केस. आपल्याकडे नैसर्गिक तपकिरी म्हणतात ते बहुधा हेच.

लवंगेशी जुळली, म्हणजे तपकिरीत लाल-पिवळं काहीच नाही आणि थोडी राखेची झाक आहे, तर *राखट*. पार्लरचा 'ॲश ब्राऊन' आणि अधूनमधून पांढरे झालेले तपकिरी केस या गटात.

*तपासणी:* कपाळालगत एक आणि टोकांना दुसरा रंग दिसत असेल तर कपाळालगतचा धरा. ॲश ब्राऊन करून दीड-दोन महिने झाले असतील तर तो लालसर किंवा मधाळ झालेला असू शकतो. वरचा थंड रंग धुण्यात जातो आणि खालचा तांबूस वर येतो. पाकिटावरचं नाव विसरा, आज दिसतं ते लिहून ठेवा.

टप्पा ५: वर्णाची एकच चाचणी

मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या, हे पाहायला सांगतात. सावळ्या कातडीवर त्यातून काहीच धड कळत नाही. त्यापेक्षा दोन कापडं घ्या: नीळ दिलेला शुभ्र पांढरा शर्ट आणि मोतिया किंवा कोऱ्या मांजरपाटासारखं पिवळट पांढरं कापड. आळीपाळीने गळ्याशी धरा. शुभ्र पांढऱ्याने चेहरा स्वच्छ दिसला तर थंड रंग जवळचे, म्हणजे निळे, जांभळे, गुलाबी. मोतियाने चेहरा भरल्यासारखा वाटला तर उबदार, म्हणजे अबोली, विटकरी, शेवाळी. दोन्ही चालले तर फारच छान, तुम्हाला फक्त केसांचं बघायचं आहे.

टप्पा ६: ओढण्यांची चाचणी

नवीन काही विकत न घेता घरातल्या ओढण्या, ब्लाउजपीस, साड्या, घरातल्या पुरुषांचे शर्ट असे आठ-दहा रंग गोळा करा. शेजारणीकडून मागून आणले तरी चालतील. अंगावरच्या कपड्याचा रंग मधे येऊ नये म्हणून खांद्यांवर पांढरा टॉवेल घ्या. केस मोकळे, पुढे खांद्यावर. मेकअप नको. टिकली चालेल, लिपस्टिक नको.

कपडे एकेकटे न पाहता जोडीने बघा. आकाशी धरला की लगेच त्याच जागी गर्द निळा, पोपटी की लगेच बॉटल ग्रीन, अबोली की लगेच डाळिंबी. एका कुटुंबातला फिका आणि गडद शेजारी आले की उत्तर पटकन मिळतं. तीन-चार जोड्या झाल्या की अर्धा मिनिट बाहेरच्या झाडाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहा. भडक रंगानंतर डोळ्यात त्याची उलटी छटा राहते आणि पुढचा रंग चुकीचा दिसतो.

बघायच्या जागा तीन. डोळ्यांखालची काळी वर्तुळं वाढली की कमी झाली? ओठांभोवतीची कातडी काळवंडली की उजळली? कपाळालगतचे केस चमकले की मातकट झाले? कपडा सुंदर आहे का, हा प्रश्न इथे विचारायचाच नाही. सुंदर कापडाने चेहरा झाकोळला तर ते कापड उशीच्या अभ्र्याला द्या.

घरातल्या कुणाला तरी सात-आठ फुटांवर उभं करा. कपडा बदलल्याबरोबर त्यांची नजर आधी कुठे गेली ते विचारा. "काय मस्त कलर आहे" असं उत्तर आलं तर नजर कपड्यावर गेली. "ताई, आज फ्रेश दिसताय" असं आलं तर रंग जमला.

*तपासणी:* प्रत्येक रंगाचा एक फोटो काढा आणि मोबाईलमध्येच तो काळा-पांढरा करा. केस, चेहरा आणि कपडा यांत तीन वेगळे राखाडी दिसायला हवेत. कपडा चेहऱ्याइतकाच किंवा केसांइतकाच राखाडी दिसला तर तोच मिसळण्याचा दोष आहे. रंग कितीही आवडला तरी गळ्याशी नको. ही एकच चाचणी केली तरी निम्म्या चुका टळतात.

टप्पा ७: केसांनुसार रंग

पाया साधा आहे. तपकिरी म्हणजे गडद केलेला नारिंगी, आणि नारिंगीच्या समोरचा रंग निळा. म्हणून निळ्याचं सगळं घराणं तपकिरी केसांना उठाव देतं. पण कोणता निळा, आणि निळ्याबरोबर आणखी काय, हे केसांच्या प्रकारावर अवलंबून आहे.

लालसर केस. मोरपंखी, रामा ग्रीन, शेवाळी आणि गर्द फिरोजी इथे फार खुलतात, कारण हिरवा लालाला उठवतो. मात्र थांबा, हा उठाव तुम्हाला हवा आहे का? मेंदीमुळे पांढऱ्या केसांच्या नारिंगी रेघा झाल्या असतील आणि त्या लपवायच्या असतील तर हिरवा-फिरोजी गळ्याशी आणू नका, त्या रेघा आणखी पेटतात. त्याऐवजी आमसुली, विटकरी किंवा डाळिंबी घ्या. जवळच्या रंगाशेजारी नारिंगी दबतो. शेंदरी, गाजरी आणि भगवा मात्र दोन्ही वेळा टाळा, कारण केस आणि कपडा यांत भांडण लागतं. राणी कलर लालसर केसांवर क्वचितच जमतो. घेण्याआधी काळ्या-पांढऱ्या फोटोवर न थांबता उन्हात उभं राहून पाहा.

मधाळ केस. पिवळ्याच्या समोर जांभळा, म्हणून कोनफळी, जांभळा आणि डेनिमसारखा निळा. अबोली आणि पीच सावळ्या वर्णावर छान, गव्हाळ वर्णावर फिके पडतात. आंबा कलर आणि हळदीपिवळा केसांशीच स्पर्धा करतात. हळदीच्या कार्यक्रमाला पिवळं घालणं भागच असेल तर हिरवट झाक असलेला लिंबू कलर निवडा आणि केस मोकळे सोडण्याऐवजी अंबाडा घालून मोगऱ्याचा गजरा माळा. केस आणि पिवळा यांच्यामध्ये पांढऱ्याची रेघ आली की दोन्ही सुटे दिसतात.

गडद चॉकलेटी. तुमची निवड सगळ्यात मोठी. पोपटी, राणी, फिरोजी, डाळिंबी, शुभ्र पांढरा, काहीही. चूक होते ती एकाच ठिकाणी: वरपासून खालपर्यंत कॉफी, काळा किंवा नेव्ही ब्लू. चैत्राच्या उन्हात हे रंग तापतात आणि केसांतला तपकिरी पार गिळून टाकतात, लोकांना केस काळेच वाटतात. केसांचा रंग दिसावा असं वाटत असेल तर गळ्याशी उजळ रंग हवा.

राखट केस. लव्हेंडर, करडा-निळा, फिकट गुलाबी, वाईन. मस्टर्ड आणि नारिंगी यांनी चेहरा आजारी दिसतो. पांढरे केस बरेच असतील तर शुभ्र पांढऱ्याऐवजी मोतिया घ्या, म्हणजे केसांचा पांढरा वेगळा उठून दिसणार नाही.

वसंतासाठी म्हणून परदेशी तक्त्यात जे अगदी फिके, दुधात थेंबभर रंग टाकल्यासारखे रंग सांगतात, त्यांच्यापासून एक पायरी गडद घ्या. आपल्या दुपारच्या उन्हात फिका पिस्ता किंवा फिका आकाशी पांढराच दिसतो, फोटोत तर त्याची छटाच राहत नाही. गडद रंग उन्हाने तापतात, म्हणून मार्च-एप्रिलसाठी माझं मत ठामपणे मधल्या रंगांच्या बाजूने आहे. दिवसा मधले, आणि बॉटल ग्रीन, वाईन, गर्द निळा संध्याकाळच्या वरातीला.

*खबरदारी:* राखाडी आणि मध्यम आकाशी सुती शर्टावर घामाचे डाग सगळ्यात जास्त दिसतात. दिवसभराचं लग्न असेल तर पांढरा, छापील किंवा लिनन बरा.

टप्पा ८: दुकानात

छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी असो, लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, दुकानातल्या झगमगाटात निर्णय घेऊ नका. "दादा, जरा दारात उजेडात बघते" म्हणायला लाजू नका. चांगला दुकानदार स्वतःच साडी घेऊन दारापर्यंत येतो. दुपारी बाराच्या उन्हात न जाता सकाळी दुकान उघडल्यावर किंवा पाचच्या सुमारास जा. मॅचिंग सेंटरमध्ये साडी आणि ब्लाउजपीस ट्यूबखाली तंतोतंत जुळतात आणि बाहेर आल्यावर वेगळे दिसतात. दोन्ही कापडांचा रंग वेगळ्या रसायनांनी दिलेला असतो, उजेड बदलला की फरक उघडा पडतो. म्हणून ब्लाउजपीस कापण्याआधी अख्खं थान दारात न्या.

पैठणी किंवा कोणतीही धूपछाव साडी घडीवर पाहून ठरवू नका. तिचा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, निरी पडली की वेगळाच रंग वर येतो. खांद्यावर टाकून, थोडं वळून पाहा. चेहऱ्याकडे येणाऱ्या घडीत कोणता रंग दिसतो तो महत्त्वाचा.

रंग पक्का आहे का हे पाहायला पांढरा हातरुमाल ओला करून कापडाच्या आतल्या बाजूला दहा-बारा वेळा घासा. रुमाल रंगला तर ते कापड घामाने मानेलाही रंगवेल.

ऑनलाइन घेताना मॉडेलचे केस काळे आहेत का पाहा. बहुधा असतात. तोच कुर्ता तुमच्या केसांखाली तसा दिसणार नाही. परत करता येत असेल तरच मागवा आणि आल्यावर टप्पा ६ पुन्हा करा.

टप्पा ९: पूर्ण पेहराव

साडी मनात भरली पण रंग जमत नाही, असं झालं तर साडी सोडू नका, ब्लाउज बदला. गळ्याशी ब्लाउज आणि खांद्यावरचा पदर एवढंच चेहऱ्यावर परिणाम करतं. लाल काठाची इरकल लालसर केसांवर भडक वाटत असेल तर काठाच्या रंगाचा खण न घेता साडीच्या अंगातला हिरवा किंवा निळा खण शिवा. डोक्यावर पदर घ्यायचा असेल तर केस झाकले जातात. मग पदराचा काठच चेहऱ्याची चौकट होतो, त्याची वेगळी चाचणी करा.

पुरुषांसाठी: शर्टाची कॉलर आणि जाकीट पाहा, पँटचा विचार नंतर. मेंदी लावलेली दाढी असेल तर डोक्यापेक्षा दाढीचा रंग धरा, कॉलरच्या जवळ तीच असते. दाढी लालसर असेल तर खाकी आणि बदामी जाकीट सोडा, निळं किंवा शेवाळी घ्या. लग्नात फेटा बांधला की केस दिसतच नाहीत. अशा वेळी फेट्याचा रंग आधी विचारून घ्या आणि कुर्ता त्यावरून ठरवा. भगवा किंवा गुलाबी फेटा ठरला असेल तर मोतिया कुर्ता सहसा चुकत नाही.

गाडीवर स्कार्फ बांधून जाणाऱ्या मुलींनी स्कार्फही या हिशेबात धरावा. कॉलेजच्या दारात तो सोडेपर्यंत लोकांना तुमचा चेहरा आणि तोच रंग दिसतो.

टप्पा १०: महिन्याभराने पुन्हा

चैत्र-वैशाखाच्या उन्हाने आणि रोजच्या न्हाण्याने केसांचा रंग उतरतो. पाडव्याला चॉकलेटी असलेले रंगवलेले केस अक्षय्य तृतीयेपर्यंत लालसर होऊ शकतात. मेच्या लग्नांसाठी वेगळी खरेदी असेल तर टप्पा ४ आणि ६ पुन्हा करा, बाकीचे सोडले तरी चालतील. पहिल्या वेळी जमलेल्या रंगांचे फोटो एका अल्बममध्ये ठेवा आणि खाली केसांचा प्रकार आणि तारीख लिहा. दुकानात गेल्यावर रंग तोंडी सांगण्यापेक्षा तो फोटो दाखवा.